काळवीट वाढले, मग बिघडलं कुठं?

वैशाखी पौर्णिमेला सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पाणवठ्यांशेजारी मचाणं बांधली जातात. वनखात्याची माणसं आणि हौशी निसर्गप्रेमी रात्रभर बसून पाण्यावर येणारं जनावर मोजतात आणि दोन दिवसांत आकडे पेपरात येतात. काळवीट इतके, लांडगे इतके, खोकड, रानडुकरं, मोर इतके. माळढोक, म्हणजे ज्याच्यासाठी इथलं अभयारण्य झालं तो दुर्मिळ पक्षी, दिसला तर मथळा, नाही दिसला तरी मथळा. मग पारावर आणि चहाच्या टपरीवर जी चर्चा होते तिचा सूर ठरलेला असतो: माळढोक गेला ते वाईट झालं, पण काळवीट बघा किती वाढलेत, शेतात कळप उतरतात, म्हणजे रानाचं बरं चाललंय की. हे बरं चालल्याचं लक्षण आहे, हेच मला पटत नाही.

मोजणी जरूर व्हावी. पण शिरगणतीतून कोण हजर आहे एवढंच कळतं. हजर असलेलं जनावर किती वेळ चरतं आणि किती वेळ मान वर करून नुसतं बघत राहतं, कोणाला टाळतं, पिल्लं कुठं लपवतं, रात्री का हिंडतं, यातलं काही त्या आकड्यात येत नाही. आणि माळाबद्दलचे आपले निर्णय तर त्या आकड्यांवरच उरकले जातात. झाडं कुठं लावायची, रस्ता कुठून काढायचा, सौर प्रकल्पाला कुठलं गायरान द्यायचं, हे ठरवताना कोणी विचारतो का, की याने जनावराच्या वागण्यात काय फरक पडेल? जनावराला होणारा त्रास आता मोजता येतो. तो सोलापूर जिल्ह्यात मोजला जावा आणि जमिनीचा निर्णय घेणाऱ्या माणसासमोर ती नोंद असावी, एवढं माझं म्हणणं आहे.

त्रास मोजायचा म्हणजे काय, ते आधी सांगतो. धोका दिसला की मेंदूकडून इशारा जातो आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. पक्ष्यांत आणि सरपटणाऱ्यांत कॉर्टिकोस्टेरॉन. रक्तात साखर वाढते, पळायला बळ येतं. त्या वेळेपुरती वाढ, प्रजनन, रोगाशी लढणं ही कामं मागे पडतात. धोका टळला की सगळं पूर्वपदावर येतं. लांडगा आणि काळवीट हजारो वर्षं एकमेकांना असेच घाबरवत आणि पळवत आले आहेत, त्यात बिघाड काही नाही. बिघाड होतो तो धोका टळतच नाही तेव्हा. महिनोन् महिने हे रसायन चढं राहिलं की जनावर झिजतं, आजाराला लवकर बळी पडतं, पिल्लं कमी होतात. हे तपासायला जनावर पकडावंही लागत नाही, ताजी लेंडी किंवा विष्ठा पुरते. हैदराबादच्या ‘लॅकोन्स’ या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासून २०१९ साली दाखवून दिलं की पर्यटनाच्या हंगामात वाघांच्या अंगातला ताण बंद हंगामापेक्षा जास्त असतो. सोलापूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. नमुना पाठवायला अंतराची सबब चालणार नाही.

आता ‘वाढले म्हणजे सुखी’ या समजुतीकडे येतो, कारण तिचं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मिळालेलं आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार पवनचक्क्यांनी भरून गेलंय. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथल्या सरड्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा फुलवणारा हा सरडा. त्यांनी एकाच पठारावरचे पवनचक्क्या असलेले आणि नसलेले भाग ताडून पाहिले. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. जिथं पाती फिरत होती तिथं ते विरळ, आणि सरडे मात्र जास्त.

वरवर पाहिलं तर सरड्यांची चैन झाली. पण संशोधकांनी पुढे जाऊन तपासलं. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांत ताणाचं रसायन कमी निघालं, माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. गर्दी झाल्यामुळे वाट्याला खाणं कमी, त्यामुळे अंगाने रोड. आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके. म्हणजे आपण आकाशात एक यंत्र उभं केलं, त्याने ससाणे-गरुड हटले, आणि परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या रंगापर्यंत पोचला. पवनचक्कीने सरड्याला बोटही लावलं नव्हतं. दुसरी गोष्ट अशी की इथे ताण वाढला नाही, घटला, आणि तरीही ते बिघाडाचंच लक्षण ठरलं. त्यामुळे ताण कमी म्हणजे चांगलं आणि जास्त म्हणजे वाईट असा सोपा हिशेबही करता येत नाही. कोण कोणाला घाबरतं याची एक जुनी घडी असते, ती विस्कटली का, हे पाहायचं असतं. चाळकेवाडीच्या सरड्यांची नुसती गणना केली असती तर पवनचक्क्यांना शाबासकी द्यावी लागली असती.

काळविटांच्या वाढलेल्या कळपांकडे मी याच नजरेने बघतो. पाणी आलं, ऊस आणि द्राक्ष आली, हरभरा-तूर हाताशी आली, आणि भक्षकाला डोकं वर काढायला जागा उरली नाही. अशा ठिकाणी एक-दोन जाती फोफावतात. उसाच्या फडात रानडुक्कर फोफावलं ते असंच. (आणि नान्नज म्हणजे ‘सोनाका’ द्राक्षाचं जन्मगाव, इथल्या कोल्ह्याने द्राक्षं आंबट म्हणायची काही सोय नाही.) फोफावलेल्या जातीचं संख्याबळ दाखवून रान सुदृढ आहे असं म्हणणं म्हणजे उजनीत चिलापी मुबलक आहे म्हणून भीमेचे मासे मजेत आहेत असं म्हणण्यासारखं झालं. भीमेतले जुने मासे कुठं गेले, ते भोयांना विचारा.

साताऱ्याची गोष्ट आपल्याला निदान ऐकून तरी माहीत असते. नान्नजच्याच माळावर जो प्रयोग झाला त्याची सोलापुरात फारशी चर्चा झालेली मी ऐकली नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

खोकड हा आपल्या माळाचा छोटा, लाजरा रहिवासी. कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं, उंदीर, किडे, बोरं असं काहीही खाऊन राहणारा. वन्यजीव संशोधक अबी तमिम वनक यांनी नान्नज परिसरात खोकडांचा आणि गावच्या कुत्र्यांचा काही वर्षं अभ्यास केला. आधी दोघं काय खातात ते पाहिलं. कुत्र्यांचं पोट मुख्यतः माणसावर, म्हणजे भाकरी, उष्टं-खरकटं, मेलेली जनावरं. खोकडांचं पोट रानावर. दोघांच्या ताटात फारसं काही सारखं नाही. मग भांडण कशाचं? ते शोधायला वनक, ठाकर आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी खोकडांसाठी खाण्याच्या ताटल्या ठेवल्या. कधी जवळ काहीच नाही, कधी जवळ नुसता वास, कधी समोर दिसेल असा जिवंत कुत्रा. २००९ साली छापून आलेला निष्कर्ष असा: नुसत्या वासाने खोकडांच्या खाण्यात फरक पडला नाही. कुत्रा दिसत असला की मात्र खोकड ताटलीपाशी यायचे, पण थोडाच वेळ थांबायचे, कमी खायचे आणि सारखं मान वर करून बघायचे.

कुत्र्याने पाठलाग केला नाही, चावा घेतला नाही, घास पळवला नाही. तो फक्त तिथे होता, तेवढ्याने खोकड अर्धपोटी राहिला. आता असे प्रसंग रोज रात्री, सगळ्या माळभर. हा भुकेचा हिशेब कुठल्या गणनेत धरायचा? भीतीमुळे किती नुकसान होऊ शकतं याचं एक बोलकं उदाहरण कॅनडात सापडलं. तिथल्या संशोधकांनी चिमण्यांची घरटी जाळी आणि विजेच्या कुंपणाने पूर्ण सुरक्षित केली, म्हणजे एकही अंडं खाल्लं जाणं शक्य नव्हतं, आणि मग काही ठिकाणी शिकारी प्राण्यांचे नुसते आवाज लावले. २०११ च्या त्या निबंधानुसार आवाज ऐकणाऱ्या चिमण्यांची वर्षभरात वाढलेली पिल्लं ४० टक्क्यांनी कमी भरली.

काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून लांब चरायला जाते. पाडस हालत नाही, त्याचा वास जवळजवळ येत नाही, लांडग्याच्या नजरेतून सुटण्यासाठी ही व्यवस्था तयार झाली. लांडगे एका टापूत मोजकेच असतात. गावचे कुत्रे मोजके नसतात आणि त्यांना शिकार साधली नाही तरी बिघडत नाही, घरी भाकरी असतेच. उपाशी लांडग्याची संख्या हरणांबरोबर खाली येते. कुत्र्याची येत नाही, कारण त्याला आपण पोसतो. निसर्गातला कुठलाच शिकारी अशा निर्धास्तपणे शिकार करू शकत नाही.

त्यात रोग. अनिरुद्ध बेलसरे आणि वनक यांच्याच अभ्यासात नान्नज भागातल्या कुत्र्यांत डिस्टेंपर आणि पार्व्हो या जीवघेण्या आजारांच्या विषाणूंचा मोठा प्रादुर्भाव आढळला आणि खोकडांपर्यंतही तो पोचल्याचं दिसलं. २०१८ च्या सप्टेंबरात गीरच्या दलखाणिया भागात दोन डझनांच्या आसपास सिंह काही आठवड्यांत मेले, त्यांतल्या काहींमध्ये हाच डिस्टेंपर निघाला. गीरचे सिंह म्हणून देश हादरला. खोकडं अशी मेली तर पेपरात चार ओळीही येणार नाहीत. शिवाय पुण्याजवळ लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेलं आहे. सोलापूरच्या लांडग्यांना कुत्र्यांचा शेजार पुण्यापेक्षा कमी नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापासून गल्लीपर्यंत रण माजलं. दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते शहरातल्या माणसाच्या चाव्यांबद्दल आणि शहरातल्या कुत्र्याच्या हक्कांबद्दल. निर्बीजीकरण करा, लस टोचा, होता तिथे परत सोडा, हा तोडगा सोलापूर शहरातल्या मुरारजी पेठेत चालेल. माळढोक अभयारण्याच्या कडेला ‘होता तिथे’ म्हणजे खोकडाच्या बिळाशेजारी. मी कुत्रे मारा म्हणणाऱ्यांतला नाही. पण प्राणिप्रेमाच्या नावाखाली एकाच प्राण्याची बाजू घेतली जाते आणि त्याची किंमत दुसरा मुका प्राणी मोजतो, हे बोलायची वेळ आली आहे.

आता रात्रीबद्दल. २०१८ साली ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांवरचे ७६ अभ्यास एकत्र करून दाखवलं की माणसाचा वावर वाढला की प्राणी रात्रीकडे सरकतात. दिवस-रात्र निम्मंनिम्मं वावरणारा प्राणी माणसाजवळ ६८ टक्के हालचाल रात्री करू लागतो. हे जनावरांचं शहाणपण. पण आपल्याकडे रात्र तरी रिकामी आहे का? शेतीपंपाची लाईट पाळीने येते. रात्रपाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन दारं धरायला अंधारात उभा. माणसाला टाळायला जनावर रात्री निघतं आणि माणूस नाइलाजाने त्याच रात्री शेतात. त्या भेटीत रानडुक्कर मुसंडी मारतं, पाय सापावर पडतो, आणि दुसऱ्या दिवशी गावात जनावरं माजल्याची चर्चा होते. दोघांनाही वेळापत्रकाने समोरासमोर आणलेलं असतं.

म्हणून शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी मला वन्यजीवांचीही मागणी वाटते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने तेच आश्वासन दिलं आहे. पण त्यासाठीचे सौर प्रकल्प उभे राहतात सरकारी आणि गायरान जमिनीवर. गायरान म्हणजे गावोगावी उरलेला गवताळ माळाचा शेवटचा तुकडा, धनगराच्या मेंढरांचा आणि लांडग्याच्या बिळाचा. काचेच्या पत्र्यांना कुंपण पडलं की दोघंही बाहेर. योजना रद्द करा असं मी म्हणणार नाही, दिवसा वीज फार मोलाची आहे. पण उपकेंद्राजवळ पाच जागा उपलब्ध असतील तर त्यांतली कुठली द्यायची, हे ठरवताना तिथं विणीच्या काळात काय असतं हे विचारायला अडचण काय आहे? आज विचारलं जात नाही, कारण कागदावर ती जागा पडीक असते.

पडीक समजण्याच्या या सवयीने झाडांच्या नावाखालीही बरंच नुकसान केलं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोकळ्या जागेचा शोध सुरू होता. माळावर उंदीरमारी नाहीतर सुबाभूळ लावली की फोटो छान येतो. पण काळविटाचं संरक्षण त्याच्या नजरेत आणि पायांत आहे. लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं पाहिजे. झाडोरा वाढला की दबा धरणाऱ्याची सोय होते. धाविक, माळटिटवी, चंडोल हे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. माळढोक तर उंच झाडोऱ्यापासून लांबच राहणारा, वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा. समोरचं नीट न दिसण्याच्या त्याच्या नजरेमुळे विजेच्या तारांना धडकून मरणारा. आणि २०१३ च्या डिसेंबरअखेर सगळा दक्षिण भारत उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडला गेला तो रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीनेच. देशाला वीज पोचवण्यात सोलापूरचा वाटा मोठा आहे, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. तारांचं जाळंही सोलापूरच्याच डोक्यावर आहे, हेही लक्षात असावं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माळढोकाच्या नावाने या जिल्ह्याने आधीच पुष्कळ सोसलंय. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, बाजार, पिकाऊ जमिनी, तालुकेच्या तालुके. जमिनीचे व्यवहार अडले, परवानग्या अडल्या, आणि ज्या पक्ष्याचं माळावरच्या माणसांना कौतुक होतं तो डोळ्यात खुपू लागला. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणलं गेलं. हा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला मी जनावराच्या ताणाबद्दल सांगू लागलो तर तो म्हणेल, माझ्या ताणाचं काय? हरभरा काळविटं रात्रीत खाऊन जातात, मी फटाके लावतो, भोंगा लावतो, कळप शेजाऱ्याच्या वावरात जातो, तो तिकडून हाकलतो.

त्याचं खरं आहे. आणि त्याच्या वर्णनातच माझा मुद्दा आहे. हाकलण्याने काळवीट कमी होत नाही, फक्त ते जास्त बिचकतं, जास्त पळतं आणि रात्री येऊन जास्त घाईने खातं. भीती एका वावरातून दुसऱ्यात ढकलत राहण्यापेक्षा नुकसानीची भरपाई वेळेवर मिळणं आणि माळावर गवत शिल्लक असणं, हे दोघांनाही परवडणारं आहे. नकाशावर रेघ ओढून माणसं बाहेर काढायचा उपाय एकदा करून झाला, माळढोक त्याने वाचला नाही.

माणूस दिसला की जनावराला ताण येतोच असंही नाही. कोणता माणूस, कसा वागतो, यावर ते ठरतं. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, हळू चालणाऱ्या मेंढरांच्या खांडाला काळवीट सरावलेलं असतं. रविवारी माळात कुठूनही घुसणारी गाडी, माजावर आलेल्या नराच्या मागे फोटोसाठी धावणारा कॅमेरेवाला, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, यांचा अंदाज बांधता येत नाही. ज्याचा अंदाज बांधता येत नाही ते जास्त छळतं, हे माणसातही तसंच आहे. म्हणून धनगराला माळावरून हुसकायचं आणि पर्यटनाला पायघड्या घालायच्या, हा उलटा न्याय मला मान्य नाही. लांडगा धनगराची मेंढरं मारतो, त्याचा राग खरा आहे. तरी गवत गवत म्हणून टिकण्यात ज्याचं पोट आहे असा माळावरचा माणूस तोच.

मग करायचं काय? सगळ्यात आधी कुत्रे. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा, वडाळा या पट्ट्यातल्या प्रत्येक कुत्र्याला, धनगराच्या राखणीच्या कुत्र्यासकट, रेबीज आणि डिस्टेंपरची लस आणि निर्बीजीकरण. पाळलेला कुत्रा रात्री दारात बांधलेला असावा. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी आणि मेलेलं जनावर माळावर फेकणं ग्रामपंचायतीने बंद करावं, कारण कुत्र्यांच्या टोळ्या त्यावरच पोसल्या जातात. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. पशुसंवर्धनवाल्यांनी वनखात्याकडे आणि वनखात्याने ग्रामपंचायतीकडे बोट दाखवणं थांबवलं तर एका हिवाळ्यात सुरुवात होईल.

मोजणीच्या रात्री मचाणावर जे बसतात त्यांनी डोकी मोजताना एक रकाना वाढवावा: पाण्यावर आलेलं जनावर किती वेळ थांबलं, पिऊन गेलं की बिचकून गेलं, कुत्रा आला का, दूरचा डीजे ऐकू येत होता का. याला पैसा लागत नाही. काळविटाच्या लेंड्या आणि खोकडाची विष्ठा वर्षातून तीनदा, पावसाळ्यात, ऊसतोडीच्या हंगामात आणि उन्हाळ्यात, गोळा करून तपासायला पाठवावी. हे काम विद्यापीठातली प्राणिशास्त्राची मुलं आनंदाने करतील, त्यांना वनखात्याची परवानगी वेळेत मिळाली तर. पाचेक वर्षांच्या नोंदी हाताशी आल्या की रस्ता रुंद करताना, गायरान देताना, सफारी सुरू करताना बोलायला काहीतरी ठोस असेल.

आज ते नाही, आणि त्याचा प्रश्न लवकरच उभा राहणार आहे. जैसलमेरजवळच्या केंद्रांत माळढोकाची पिल्लं माणसाच्या हातावर वाढताहेत, २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. उद्या हे पक्षी मोकळे सोडायला देशात जागा शोधल्या जातील तेव्हा सोलापूरने हक्क सांगितला पाहिजे, आणि मला वाटतं सांगितलाही जाईल, भाषणांतून. तेव्हा तिथला शास्त्रज्ञ विचारेल की तुमच्या माळावर किती कुत्रे रात्री मोकळे फिरतात, विणीच्या महिन्यांत किती गाड्या आत येतात, तारा कुठून जातात. त्याला काळविटांची संख्या सांगून भागणार नाही.